कोल्हापूरहून हंपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातून हंपीबद्दलचे निरोप यायला लागतात. गाडी कुठून न्यायची, किती दिवस लागतात, आजीला झेपेल का, पंढरीचा विठ्ठल खरंच तिथून आला का. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र केलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दर आणि गाड्यांच्या वेळा बदलतात, निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या.

१. हंपी म्हणजे नेमकं काय? देऊळ, किल्ला की गाव?

एक अख्खं शहर. १३३६ मध्ये हरिहर आणि बुक्क या संगम घराण्यातल्या भावांनी विजयनगरचं राज्य उभं केलं, त्याची ही राजधानी. तुंगभद्रेच्या दक्षिण काठावर ती १५६५ पर्यंत नांदली. आज हा भाग कर्नाटकच्या विजयनगर जिल्ह्यात येतो आणि होसपेटपासून साधारण १३ किलोमीटरवर आहे. १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

हंपी गाव छोटं, पण अवशेष हंपी, कमलापूर, कद्दिरामपूर आणि नदीपलीकडच्या आनेगुंदीपर्यंत पसरलेले आहेत. बरेच जण विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथाचा फोटो काढतात (प्र. १४), विरूपाक्षाला म्हणजे इथल्या शिवाला हात जोडतात आणि परत फिरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की इथले बाजार, रस्ते, कालवे आणि वेशीही पाहा. देवळं त्या शहराचा एक भाग होती.

२. स्वतःच्या गाडीने कसं जायचं? किती वेळ लागतो?

कागल, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, धारवाड असं पुणे–बंगळूर हायवेने हुबळीपर्यंत. तिथून हायवे सोडून गदग, कोप्पळमार्गे होसपेट. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. चहा-नाष्टा धरून सात ते आठ तास. पहाटे पाचला निघालात तर नाष्टा बेळगावात आणि दुपारचं जेवण होसपेटला होतं. पहिल्या दिवशीची संध्याकाळ हाताशी येते, ती वाया घालवू नका (प्र. ४). रात्री निघून सकाळी पोचायचा बेत मला पटत नाही. ड्रायव्हर दमलेला असतो आणि लॉजची खोली दुपारशिवाय मिळत नाही.

३. रेल्वे किंवा बसने सोय आहे का?

आहे. कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, गदग करत थेट होसपेटला जाते. कोल्हापुरातून दुपारच्या आसपास सुटते आणि रात्री होसपेटला पोचते. सुट्टीत तिरुपतीच्या भाविकांमुळे आरक्षण लवकर भरतं.

बसने मध्यवर्ती स्थानकावरून हुबळी गाठायची आणि तिथून होसपेटची गाडी पकडायची. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस अचानक बंद होतात. अशा दिवसांत रेल्वेच बरी. होसपेट स्टेशनवरून हंपीला बस आणि रिक्षा मिळतात.

४. किती दिवस काढावेत?

दोन मुक्काम आणि पूर्ण दोन दिवस, याहून कमी नको. पोचल्या दिवशी संध्याकाळी हेमकूट टेकडी. चढ सोपा आहे, वर विजयनगरच्याही आधीची छोटी शिवमंदिरं आहेत आणि सूर्यास्त सुंदर दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताच विठ्ठल मंदिर, ऊन तापल्यावर कमलापूरचं संग्रहालय आणि दुपारनंतर राजवाड्याचा भाग. हा क्रम तिकिटाच्या दृष्टीनेही सोयीचा आहे (प्र. ६). तिसऱ्या दिवशी सकाळी विरूपाक्ष, कडलेकाळू आणि ससिवेकाळू गणपती, कृष्ण मंदिर आणि लक्ष्मीनरसिंह पाहून परत. आनेगुंदी हवी असेल तर आणखी एक दिवस (प्र. १५). एकच दिवस असेल तर शेवटचा प्रश्न वाचा.

५. कोणत्या महिन्यात जावं? पावसाळ्यात चालेल का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीला टेकतो आणि सगळीकडे उघडा ग्रॅनाइट असल्याने दगडातूनही धग येते. लहान मुलं सोबत असतील तर उन्हाळा टाळाच.

पावसाळ्याचं उत्तर वेगळं आहे. हंपीला आपल्यासारखा पाऊस नसतो. मोठ्या सरी कमी आणि आजूबाजूची भातशेती हिरवीगार, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. अडचण आपल्याकडे आणि वाटेत येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आल्याने हायवे बंद झाला होता. शिवाय तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की हंपीची नदी ओलांडायची नाव बंद होते (प्र. १५). जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर पंचगंगेची पातळी बघून निघा.

६. तिकीट कुठे लागतं आणि किती?

विठ्ठल मंदिर आणि राजवाड्याच्या भागातलं जनाना आवार, या दोन ठिकाणी पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. एकच तिकीट त्या दिवसापुरतं दोन्हीकडे आणि कमलापूरच्या संग्रहालयात चालतं. म्हणून ही तिन्ही ठिकाणं एकाच दिवशी घ्या आणि तिकीट जपून ठेवा. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. मंडप, बाजार, टेकड्या आणि बाकीची बहुतेक देवळं मोकळी आहेत.

७. राहायचं कुठे? नेटवर नदीपलीकडचे स्वस्त रिसॉर्ट दिसतात, ते अजून आहेत का?

ती माहिती जुनी आहे. नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डीवरची रिसॉर्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडली गेली. त्याआधी २०११ मध्ये विरूपाक्षासमोरच्या बाजारातल्या प्राचीन मंडपांमधली घरं-दुकानं हटवली होती.

कुटुंबासाठी होसपेट सोयीचं. तिथे सगळ्या दरातले लॉज आहेत, दवाखाने आहेत, एटीएम आहेत. अवशेषांच्या जवळ राहायचं तर कमलापूर. कर्नाटक पर्यटनाचं मयूरा भुवनेश्वरी तिथेच आहे. शांतता हवी असलेले आनेगुंदीच्या बाजूला घरगुती मुक्काम घेतात, पण मग रोज नदी ओलांडायचा विचार करावा लागतो.

८. जेवणाचं काय? मटण मिळतं का?

हंपी गावात मंदिराच्या परिसरात शाकाहारीच मिळतं, दारूही नाही. मांसाहार होसपेटला. तिथे तांबड्या-पांढऱ्याची अपेक्षा नको. त्यापेक्षा उत्तर कर्नाटकी ताट मागवा. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी आणि दही. आपल्या जिभेला ते परकं वाटत नाही. संध्याकाळी चुरमुऱ्यांची फोडणी दिलेली वग्गरणी आणि मिरची भजी खाल्ल्याशिवाय होसपेट सोडू नका.

९. आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का?

निवड नीट केली तर नक्की झेपेल. विरूपाक्ष मंदिर सपाट जमिनीवर आहे. विठ्ठल मंदिराच्या वाहनतळापासून दारापर्यंत साधारण किलोमीटरभर वाट आहे, तिथे बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, म्हणून सकाळी लवकर जा. जनाना आवारात हिरवळ आणि सावली आहे, ज्येष्ठांना निवांत बसता येतं. मातंग टेकडी आणि अंजनाद्री त्यांच्यासाठी सोडून द्या. देवळात चप्पल काढावी लागते आणि अकरानंतर फरशीचा चटका बसतो. जाड पायमोजे जवळ ठेवा. आणखी एक. माकडं फार आहेत, त्यामुळे औषधांची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

१०. मराठी बोलणारा गाईड मिळेल का? गाईड घ्यावाच लागतो का?

सक्ती नाही. हिंदी आणि इंग्रजीत सांगणारे मान्यताप्राप्त गाईड सहज मिळतात. मराठीतलं कुणी भेटलं तर नशीब समजा. माझं मत असं की विठ्ठल मंदिर आणि राजवाड्याचा भाग यांसाठी गाईड घ्यावा, हेमकूट मात्र एकट्याने फिरावं. ओळखपत्र बघा आणि पैसे आधीच ठरवा.

११. विरूपाक्ष मंदिरात अजून पूजा होते का? आत काय चुकवू नये?

होते, रोज होते. विरूपाक्ष म्हणजे शिव आणि पंपादेवी त्याची पत्नी. मंदिराचं पूर्वेचं गोपूर जवळजवळ ५० मीटर उंच आहे. चैत्रात रथोत्सव असतो आणि पंचक्रोशी लोटते.

तीन गोष्टी थांबून पाहा. पहिली म्हणजे रंगमंडपाचं छत. हा मंडप विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याने राज्याभिषेकाच्या निमित्ताने बांधला, १५१० चा शिलालेख दारातच आहे. छतावरच्या चित्रांत शिवपार्वतीचं लग्न आहे आणि विजयनगरच्या संस्थापकांचे गुरू मानले जाणारे विद्यारण्य स्वामी यांची पालखीतली मिरवणूकही. मान दुखेल, पण पाहा. दुसरी म्हणजे गाभाऱ्यामागची अंधारी खोली. भिंतीतल्या फटीतून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, कळस खाली आणि दार वर. ढगाळ दिवशी फिकट दिसते, म्हणून लख्ख उन्हात जा. तिसरी म्हणजे भुवनेश्वरीची छोटी देवळी, तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

१२. आम्ही खिद्रापूर पाहिलंय. हंपीत त्याहून वेगळं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला फार आनंद होतो, कारण खिद्रापूर पाहिलेल्या माणसाची नजर तयार असते. तिथलं कोपेश्वर मंदिर काळ्या बेसॉल्टचं आहे. तो दगड बारीक कणांचा, त्यात नखाएवढे दागिनेसुद्धा कोरता येतात. हंपीचा ग्रॅनाइट भरड आणि कठीण. म्हणून तिथलं कोरीवकाम ठसठशीत आणि उठावदार आहे, खांबांवर झेपावणारे याळी, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, आहेत आणि शिखरं विटा-चुन्याची आहेत. त्यातली बरीच पडली, त्यामुळे कित्येक देवळं डोक्याशिवाय उभी दिसतात.

आता विरूपाक्षाच्या आवारातल्या भुवनेश्वरीच्या देवळीत या. इथले खांब आणि दरवाजाची चौकट चालुक्य वळणाची आहे, गुळगुळीत काळ्या दगडाची, खांबांना लेथवर फिरवल्यासारखी वर्तुळं. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात उभं राहिलेल्या कोल्हापूरकराला हे खांब लगेच ओळखीचे वाटतात. विजयनगरच्या कारागिरांच्या आधीची ही परंपरा. ती त्यांनी मोडून टाकली नाही, जपून वापरली.

१३. विठ्ठल मंदिरात विठ्ठलच का नाही? पंढरपूरची मूर्ती इथे आणली होती हे खरं का?

गाभारा रिकामा आहे, हे खरं. मंदिर मात्र विठ्ठलाचंच. कृष्णदेवरायाच्या काळात त्यात मोठी भर पडली, गोपुरं आणि मंडप उभे राहिले.

मूर्तीबद्दल आपल्या वारकरी परंपरेत कथा आहे. विजयनगरचा राजा पंढरीची मूर्ती आपल्या राजधानीत घेऊन गेला, वारकऱ्यांना पंढरपूर सुनं झालं. मग पैठणचे संत भानुदास, म्हणजे एकनाथांचे पणजोबा, विजयनगरला गेले आणि विठ्ठलाला परत घेऊन आले. कोणी राजा कृष्णदेवराय सांगतात, कोणी रामराय. शिलालेखाने सिद्ध झालेली ही गोष्ट नाही, ती परंपरा आहे, आणि परंपरा म्हणूनच ती मोलाची आहे. कर्नाटकातल्या हरिदासांनाही, म्हणजे कन्नडमध्ये भक्तिपदं रचणाऱ्या संतांनाही, विठ्ठल तितकाच प्रिय. त्यांच्यातल्या पुरंदरदासांच्या नावाचा मंडप मंदिरापासून थोड्या अंतरावर नदीकाठी आहे. आषाढीला पंढरीची वाट चालणाऱ्यांनी त्या मंडपात पाच मिनिटं बसावं, पुरंदरदासांच्या पदांतला पुरंदर विठ्ठल आणि आपला पांडुरंग किती जवळचे आहेत ते तिथे कळतं.

१४. पन्नासच्या नोटेवरचा रथ एकाच दगडाचा आहे का? संगीत खांब वाजवता येतात का?

एकाच दगडाचा नाही. ग्रॅनाइटचे तुकडे इतके बेमालूम जोडले आहेत की सांधे शोधावे लागतात. हे खरं तर विठ्ठलासमोरचं गरुडाचं देऊळ. १८५६ मधल्या छायाचित्रांत त्यावर विटांचं शिखर दिसतं, ते नंतर काढलं गेलं. रथापुढच्या हत्तींच्या मागे वाकून पाहा. तिथे घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या उरलेल्या आहेत. हत्ती नंतर आणून ठेवले.

खांब वाजवता येत नाहीत, मनाई आहे आणि ती योग्यच आहे. रोज हजारो हातांनी टकटक केली तर दगड झिजतो, तडकतो. पहारेकऱ्याला पैसे देऊन वाजवून बघण्याचा आग्रह धरू नका.

१५. नदीपलीकडे आनेगुंदीला कसं जायचं? नाव बंद असेल तर?

विरूपाक्ष मंदिरामागच्या घाटावरून दिवसा नाव चालते, संध्याकाळी बंद होते. परतीची शेवटची फेरी उतरतानाच विचारून ठेवा. धरणातून पाणी सोडल्यावर नाव बंद असते, तेव्हा बुक्कसागरच्या पुलावरून रस्त्याने वळसा घालावा लागतो. स्वतःची गाडी असेल तर हाच मार्ग सोपा.

आनेगुंदी राजधानीहून जुनं गाव, रामायणातली किष्किंधा ती हीच असं मानतात. अंजनाद्रीला साधारण पावणेसहाशे पायऱ्या आहेत. नाशिकजवळची अंजनेरी हनुमानाचं जन्मस्थान मानणाऱ्यांनी इथे वाद घालू नये, श्रद्धा दोन्हीकडे तितकीच खरी आहे. तुंगभद्रेत पोहायला मात्र उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात खडकांमधून जोराची ओढ असते आणि मगरीही आहेत.

१६. हे शहर कुणी फोडलं? मुसलमानांनी हिंदूंचं राज्य बुडवलं, एवढंच ना?

एवढंच नाही. जानेवारी १५६५ मध्ये राक्षस-तंगडीची लढाई झाली, आपण तिला तालिकोटची लढाई म्हणतो. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदरचे सुलतान एकत्र आले. विजयनगरचा कारभार हाती असलेला रामराय मारला गेला, त्याचा भाऊ तिरुमल राजा सदाशिवराय आणि खजिना घेऊन पेनुकोंड्याला निघून गेला. राजधानी वाऱ्यावर सोडली गेली आणि कित्येक महिने लुटली, जाळली गेली. विठ्ठल मंदिराच्या दगडांवर आगीच्या खुणा अजून आहेत.

त्याआधीची वर्षं मात्र गुंतागुंतीची होती. रामराय या सुलतानांना एकमेकांविरुद्ध खेळवत होता, त्यातूनच ते एकत्र आले. विजयनगरच्या सैन्यात मुसलमान घोडदळ होतं. राजा देवराय दुसरा याच्या सेवेतल्या अहमद खानाने १४३९ मध्ये बांधलेली मशीद याच शहरात आहे. कमळ महाल आणि हत्तीखान्याच्या कमानी बघा, तिथे दोन्ही शैली मिसळल्या आहेत.

आणि लढाईनंतरच्या शतकांत खजिन्याच्या आशेने कित्येक गाभारे खणले गेले. ते कुठल्याच सुलतानाच्या खात्यावर टाकता येत नाही. लक्ष्मीनरसिंहाच्या भव्य मूर्तीपाशी थोडं बाजूने जाऊन पाहा. १५२८ ची ही मूर्ती ६.७ मीटर उंच आहे, मांडीवरची लक्ष्मी फोडलेली आहे. पण तिचा हात देवाच्या पाठीवर अजून आहे, बोटांतल्या अंगठ्यांसकट.

१७. राजवाड्याच्या भागात नुसती जोती दिसतात. तिथे वेळ घालवावा का?

जरूर. वाडे लाकडाचे होते, ते जळून गेले, जोती राहिली. इथेच राजधानी कशी चालायची ते कळतं.

महानवमी दिब्बा या उंच चौथऱ्यावर चढा. नवरात्रात राजा इथून मिरवणुका पाहायचा. १५२० च्या सुमारास आलेल्या डोमिंगो पायस या पोर्तुगीज प्रवाशाने त्या नऊ दिवसांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलंय. दसरा चौकातला शाही दसरा लहानपणापासून बघणाऱ्या आपल्या लोकांना त्या चौथऱ्यावर उभं राहून फार काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे म्हैसूरच्या दसऱ्याने हीच परंपरा चालवली. चौथऱ्याच्या बाजूंवर हत्ती, घोडे, नर्तकी आणि शिकारीचे पट्टे आहेत.

शेजारची पायऱ्यांची पुष्करणी १९८० च्या दशकातल्या उत्खननात मातीखालून बाहेर आली. तिच्या दगडांवर कारागिरांनी कोरलेल्या खुणा आहेत, कोणता दगड कोणत्या दिशेला आणि कितव्या ओळीत बसवायचा त्याच्या. म्हणजे दगड आधी घडवले आणि मग इथे आणून जुळवले. पुष्करणीपर्यंत पाणी आणणारा दगडी पाट खांबांवरून गेलेला दिसतो. त्या काळातले काही कालवे आजही वाहतात आणि त्यांच्यावर केळी-ऊस पिकतो. उसाच्या गावाहून आलेल्या माणसाने हे पाहिल्याशिवाय परतू नये.

हजारराम मंदिर इथेच आहे. बाहेरच्या भिंतीवर मिरवणूक, आत रामायण. रामायण ओळीने वाचत चला, पुत्रकामेष्टीपासून.

१८. फोटो, ड्रोन, लग्नाआधीचं शूटिंग चालतं का?

मोबाईल आणि साध्या कॅमेऱ्याला अडचण नाही. ड्रोन, ट्रायपॉड आणि व्यावसायिक शूटिंगला आधी परवानगी लागते. मूर्ती आणि खांबांवर चढून फोटो काढू नका. २०१९ मध्ये काही तरुणांनी एक खांब ढकलून पाडला आणि त्याचा व्हिडिओ पसरला. न्यायालयाने प्रत्येकी ७०,००० रुपये दंड केला आणि खांब पुन्हा उभा करायला लावला. मे २०२४ मध्ये पावसाने बाजारातल्या मंडपाचा भाग कोसळला. पावसाला आपण थांबवू शकत नाही, पण स्वतःचा पाय तर आवरू शकतो.

१९. बदामी-पट्टदकल जोडता येईल का?

येईल, एक मुक्काम वाढवा. बदामी ते हंपी साधारण दीडशे किलोमीटर. जाताना बदामी, पट्टदकल, ऐहोळे करा आणि मग हंपी, म्हणजे चालुक्यांपासून विजयनगरपर्यंतचा क्रम डोळ्यांसमोर राहतो. उलट दिशेनेही जाता येतं, पण हंपीच्या भव्यतेनंतर ऐहोळ्याच्या छोट्या देवळांकडे दुर्लक्ष होतं.

२०. तिरुपतीला जाताना वाटेत एकच दिवस हंपीला उतरता येईल का?

येईल. तिकीट दोन तुकड्यांत काढा, कोल्हापूर–होसपेट आणि दुसऱ्या दिवसाचं होसपेट–तिरुपती. हरिप्रियाने (प्र. ३) रात्री उतरा, स्टेशनजवळ मुक्काम करा. सकाळी उघडताच विठ्ठल मंदिर, त्याच तिकिटावर जनाना आवार आणि जवळचं हजारराम, दुपारी विरूपाक्ष. विरूपाक्षाचा गाभारा दुपारी काही वेळ बंद असतो, तेवढ्यात नरसिंह आणि दोन्ही गणपती होतात. मोठ्या बॅगा लॉजवरच ठेवा आणि संध्याकाळी सहाच्या आत होसपेटला परता, कारण रात्रीची गाडी चुकली तर पुढचं दर्शनाचं आरक्षणही जातं.